तीनपेडी तार

मागच्या वर्षी मुलीकडे गेले होते तेव्हा तिच्या घराजवळ विजेच्या सिगारेटींचं एक दुकान दिसलं. काचेमागे छोट्या डब्यांमध्ये त्या सिगारेटींच्या आत तापणाऱ्या, वेणी घातलेल्या बारीक तारेची वेटोळी मांडली होती आणि वर पाटी होती, 'हाताने विणलेली'. मी थांबून नीट पाहिलं. तिसरा पेड सैल होता.

मुलगी म्हणाली, "आई, लोक बघतायत."

"बघू देत. ताण सारखा नाहीये."

तिने मला दंडाला धरून पुढे नेलं.

मला त्यातलं कळतं, कारण या सिगारेटी बाजारात दिसायला लागल्या त्याच्या कितीतरी आधी मी हेच काम केलंय. सिगारेटींसाठी नव्हे, प्रयोगशाळेतल्या यंत्रांमध्ये बसणाऱ्या बोटभर लांबीच्या हीटरसाठी. पण तार तीच, नायक्रोमची, आणि वेणीही तीच.

२००१ साली नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला नागपूरहून ओहायोतल्या डब्लिनला आणलं. त्याआधी चौदा वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवत होते. इथे आल्यावर चार वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसले, कारण काम करायची परवानगी नव्हती. त्या चार वर्षांचं रडगाणं मी गाणार नाही. घर लख्ख होतं, मुलीचा अभ्यास वेळेवर होत होता आणि वाचनालयातली विज्ञानाची दोन कपाटं मी वाचून काढली. पण सकाळी आठला दोघं बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत आपल्यावाचून कोणाचं काही अडत नाही, हे मला मुळीच आवडत नव्हतं. काम करायचं कार्ड हातात पडलं त्याच आठवड्यात वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद लावलेला दिसला. बारीक हातकाम, नजर चांगली हवी, अनुभवाची अट नाही. मी तिथूनच फोन केला.

गालिच्यांच्या गोदामामागे एक लांबट शेड होती. तिथे अकरा माणसं काम करायची. मालक सत्तरीचे, स्वतः इंजिनिअर. कानात मशीन असल्यामुळे ते सगळ्यांशी ओरडून बोलत. त्यांनी माझ्यासमोर एक रीळ ठेवलं.

"हे काय आहे, माहीत आहे?"

"नायक्रोम. इस्त्रीत असते, गीझरमध्ये असते. मी शिकवलंय."

"शिक्षिका होतात? मग इथे तुम्हाला कंटाळा येईल."

"चौदा वर्षं आठवी 'ब'ला शिकवलंय," मी म्हटलं. "मला सहजासहजी कंटाळा येत नाही."

त्यांनी मला बारा आठवड्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं. बारा आठवड्यांनी काम पसंत पडलं तर पक्की नोकरी, नाहीतर हात मिळवून रामराम. माझ्याआधी त्याच खुर्चीवरून दोन जणी हात मिळवून गेल्या होत्या, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मला जायचं नव्हतं.

काम सांगायला सोपं आहे. केसापेक्षा जराशी जाड अशा तीन तारा हातभर लांब कापायच्या, एका टोकाला छोट्या चिमट्यात पकडायच्या आणि तीनपेडी वेणी घालायची. पोरीच्या वेणीसारखीच, फक्त पेड इतका बारीक की भिंगाखाली पाहावं लागतं. मग ती वेणी चिनी मातीच्या कांडीवर एकसारख्या अंतराने गुंडाळायची. एकच जाड तार का नाही, असं मी विचारलं होतं. जाड तार कांडीवर वळताना ताठ राहते आणि सारखी तापून गार होऊन शेवटी तुटते. तीन बारीक तारांची वेणी लवते, आणि एक तुटली तरी दोघी काम चालू ठेवतात. मशीनवर वेणी घालता येते, पण आमच्याकडे मागण्या तीस-चाळीस नगांच्या यायच्या. तेवढ्यासाठी मशीन जुळवत बसण्यापेक्षा हात बरे.

हात म्हणजे माझे आणि शेजारच्या बाकावरच्या कंबोडियन बाईंचे. त्या साठीच्या, बुटक्या, वीस वर्षं तेच काम करत आलेल्या. इंग्रजी मोजकंच बोलायच्या आणि मला 'टीचर' म्हणायच्या. पहिल्या आठवड्यात माझी वेणी भिंगाखाली धरून त्यांनी एवढंच म्हटलं, "टीचर, ही केस विंचरायच्या आधीची आहे."

दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "आता विंचरले."

वेणी घालण्यात खरी गोष्ट ताणाची आहे. तिन्ही पेडांवर ताण सारखा हवा. एक सैल पडला की तो फुगतो, शेजारच्या वेढ्याला टेकतो आणि हीटर वाया जातो. ताण डोळ्यांना दिसत नाही, तो बोटांच्या पेरांना कळतो. चौथ्या आठवड्यापर्यंत माझ्या पेरांना तो कळायला लागला. त्यानंतर ते काम मला मनापासून आवडू लागलं. वेणी जमली की जमली, नाही जमली तर भिंग सांगतं. पालकसभा नाही, शेरे नाहीत, कोणाचं मन राखायचं नाही.

मालकांचा एक नियम मात्र कडक होता. हात बिनवासाच्या साबणाने धुवायचे, स्पिरिटने पुसायचे आणि मगच तारेला लावायचे. क्रीम, लोशन, तेल, काहीही चालणार नाही. नोव्हेंबर संपता संपता त्याचा परिणाम दिसायला लागला. ओहायोच्या हिवाळ्यात घरात हीटर, गाडीत हीटर, शेडमध्ये हीटर. त्यात दिवसातून सहा वेळा स्पिरिट. बोटांची टोकं कागदासारखी कोरडी झाली, मग भेगाळली. तार घसरायला लागली. ताण कळायचा, पण धरून ठेवता येईना. दिवसाला दहा वेण्या व्हायच्या त्या सहावर आल्या.

याच सुमाराला आमच्या गावातल्या एका काकूंनी लक्ष वाती करायचा संकल्प सोडला होता. काका निवृत्त डॉक्टर, दोघं तीस वर्षं इथेच राहिलेली, आणि त्यांचं तळघर म्हणजे आम्हा मराठी बायकांचं सभागृह. दर शनिवारी दुपारी आम्ही आठ-दहा जणी तिथे सतरंजीवर बसून कापसाच्या वाती वळायचो. प्रत्येकीपुढे रांगोळीची एक स्टीलची डबी. बोटांना चिमूटभर लावली की कापूस घसरत नाही, पीळ घट्ट बसतो. माझ्या सासूबाई राख घ्यायच्या, काही जणी दुधाचं बोट लावतात, काकूंकडे रांगोळी.

"काय गं," काकू एका शनिवारी म्हणाल्या, "तू म्हणे कारखान्यात तारा वळतेस? एवढी शिकलेली मास्तरीण!"

"इथे वाती वळते ते चालतं ना, काकू?"

"हे देवाचं आहे."

"ते पोटाचं आहे," मी म्हटलं, आणि सगळ्या हसल्या. काकूही हसल्या, पण माझ्यापुढे कापसाचा आणखी एक गोळा सरकवून.

त्याच दुपारी माझ्या लक्षात आलं की आठवडाभर तारेवरून घसरणारी माझी बोटं कापसावर मुळीच घसरत नव्हती. निघताना मी काकूंकडून एक डबी मागून घेतली आणि सोमवारी ती माझ्या बाकाच्या खणात ठेवली. मालकांनी क्रीम नको म्हटलं होतं, लोशन नको म्हटलं होतं. भुकटीबद्दल ते काही बोलले नव्हते. नियमात लिहिलेलं नाही ते चालतं, असा युक्तिवाद आठवी 'ब' माझ्याशी नेहमी करायची आणि मी तो कधीही ऐकून घेतला नव्हता. पण सोमवारी सकाळी मला तो अगदी पटला.

तार घसरायची थांबली. दिवसाला बारा वेण्या व्हायला लागल्या. मालकांनी चाळीस हीटरची एक अख्खी मागणी एकट्या माझ्यावर सोपवली. तो माझा नववा आठवडा होता, आणि ही मागणी म्हणजे माझी परीक्षा आहे हे सांगायची गरज नव्हती. मी रोज सकाळी खण उघडायची, डबीत बोट बुडवायची आणि कामाला लागायची. चाळीसच्या चाळीस भिंगाखाली सुरेख दिसत होते. कंबोडियन बाईंनीही एक उचलून पाहिला आणि मान डोलावली.

तयार हीटर लगेच पाठवत नसत. मागच्या खोलीत ते दोन दिवस सलग चालू ठेवायचे, मग दिवे बंद करून एकेक पाहायचा. चांगला हीटर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच नारिंगी रंगाचा दिसतो. गुरुवारी सकाळी मालकांनी मला आत बोलावलं. चाळीसपैकी सतरा हीटरांवर ठिपके होते. नारिंगी तारेवर मध्येच कुठेतरी एक पांढरट, झगझगीत ठिपका, कुठे दोन, कुठे तीन.

"काय झालंय ते कळतं?" मालकांनी विचारलं.

कळत होतं. तार जिथे बारीक होते तिथे जास्त तापते, आणि जास्त तापली की आणखी बारीक होते. ते हीटर महिनाभरसुद्धा टिकले नसते.

"रीळ खराब आलंय," मालक म्हणाले. "वीस वर्षांत पहिल्यांदा. फोन करून सगळं परत पाठवतो."

ते फोनकडे निघाले आणि मी तिथेच उभी राहिले. पुढच्या शुक्रवारी माल जायचा होता. माझ्या बारा आठवड्यांतले अडीच उरले होते. गप्प राहिले असते तर सगळा दोष रिळावर गेला असता. पण त्याच रिळातून शेजारच्या बाकावर दुसऱ्या मागणीचे पंचवीस हीटर झाले होते, ते शेजारच्याच मांडणीवर तापत होते आणि त्यांतल्या एकावरही ठिपका नव्हता. तार एकच, खोली एकच, वीज एकच. फरक फक्त हातांचा. हे गणित मालकांनाही जेवायच्या सुट्टीपर्यंत सुटलं असतं. मग ते माझ्याकडून का कळू नये?

मी खणातून डबी काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

"रीळ चांगलं आहे. हे माझ्यामुळे झालंय."

त्यांनी फोन खाली ठेवला. "हे काय आहे?"

"रांगोळी. दगडाची भुकटी. आम्ही हिने दारापुढे जमिनीवर नक्षी काढतो."

"जमिनीवर?"

"हो."

"मग माझ्या तारेवर ती काय करतेय?"

"बोटं घसरत होती. आम्ही दिव्याच्या वाती वळतो तेव्हा बोटांना लावतो."

"काय वळता?" ते ओरडले. एव्हाना शेडमधल्या सगळ्यांनी काम थांबवलं होतं.

"वाती!" मीही ओरडले. "दिव्यातल्या! कापसाच्या!"

"आणि त्या वातीचं पुढे काय होतं?"

"जळते."

"बघा!" मालक म्हणाले. "वात जळूनच जायची असते, बाई. माझी तार जळायची नसते."

त्यांनी डबीतली चिमूटभर भुकटी बोटांत चोळून पाहिली. पेडांच्या मध्ये अडकलेली ही भुकटी तापली की तारेवरचा संरक्षक पापुद्रा खाते, तार तिथे झिजते, असं त्यांनी मला समजावलं. मला ते ठाऊक असायला हवं होतं. तापलेल्या नायक्रोमवर तो पापुद्रा कसा धरतो, हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं.

तेवढ्यात कंबोडियन बाई पुढे आल्या. डबीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "टीचर, ही देवाची नाही?"

"कसली देवाची?"

"रोज सकाळी खण उघडते, बोट लावते, मग काम. मला वाटलं, प्रार्थना करते. प्रार्थनेत कोणी कशाला विचारावं?"

मी मालकांकडे पाहिलं. ते कानातलं मशीन उगाच चाचपत होते.

"मीही पाहिलं होतं," ते म्हणाले, त्यांच्या मानाने हळू. "मलाही तसंच वाटलं. कामगारांच्या धर्माबद्दल चौकशा करायच्या नसतात, म्हणून गप्प बसलो."

म्हणजे दोन आठवडे आम्ही तिघंही अतिशय सभ्यपणे वागलो आणि सतरा हीटर गेले.

सतरा कसले, चाळीसही गेले. भुकटी सगळ्यांतच होती. बाकीच्या तेविसांवर ठिपके आठ दिवसांनी आले असते. मालक मला रागावले नाहीत. कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी माल जाणार. दोन दिवस तापवायचे. म्हणजे बुधवारी सकाळी चाळीस नग मांडणीवर हवेत. होतील?"

"होतील."

"बोटं घसरतायत म्हणालात."

"त्याचं बघते."

ते बघायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. मी शेजारच्या बाकावर गेले आणि जे पहिल्या महिन्यातच विचारायला हवं होतं ते विचारलं. "तुमची तार का घसरत नाही?"

बाईंनी डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी माझ्यापुढे धरली. दोन्हींवर रबरी हातमोज्यातून कापलेली बोटांची टोकं होती, त्यांच्या कातडीच्याच रंगाची. दहा आठवडे शेजारी बसून ती मला दिसली नव्हती. उजवा हात उघडाच, कारण ताण त्या हाताला कळला पाहिजे. "आणि झोपताना भरपूर व्हॅसलीन, वरून सुती हातमोजे," त्या म्हणाल्या. "सकाळी साबणाने दोनदा धुवायचं."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू टीचर," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "अगं पण तू बोललीस कशाला? रीळ परत गेलं असतं, विषय संपला असता."

"आणि पुढच्या रिळाचं काय झालं असतं, अहो? डबी खणातच होती."

"ते पण खरं," तो म्हणाला आणि पोळ्यांचा डबा उघडायला लागला.

मुलगी म्हणाली, "आई, दॅट्स सो एम्बॅरसिंग. ते सगळे समजत होते की यू आर प्रेइंग टू अ वायर."

"जेव," मी म्हटलं.

शुक्रवारी मी अकरा वेण्या घातल्या. रबरी टोकांची सवय व्हायला सकाळ गेली, पण दुपारनंतर हात बसला. शनिवारी शेड बंद असायची. मालकांनी येऊन कुलूप उघडलं आणि आपल्या टेबलाशी वर्तमानपत्र वाचत बसले. साडेअकराला काकूंचा फोन आला.

"येतेस ना? बाराशे वाती राहिल्यात."

"काकू, माझ्या सव्वीस राहिल्यात."

"तुझ्या तारा काय पळून जातायत?"

"तारा नाही, नोकरी पळून जाईल."

पलीकडे काकूंनी कोणाला तरी कापूस सरकवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "मग ये सवडीने. तुझ्या वाटच्या मी वळते." त्या बोलायला अशा आहेत, पण वेळेला उभ्या राहतात. जेवणाच्या वेळी काका गाडीतून आले आणि शेडच्या दारात साबुदाण्याच्या खिचडीचा डबा ठेवून गेले. तो मालकांनी आणि मी मिळून संपवला. हिरवी मिरची चावल्यावर मालक बराच वेळ काही ओरडू शकले नाहीत.

सोमवारी कंबोडियन बाईंनी आपलं काम बाजूला ठेवलं आणि माझ्या वेण्या कांड्यांवर गुंडाळायला घेतल्या. मी घालायची, त्या गुंडाळायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी बेचाळीस झाले, दोन जादा धरून. बुधवारी सकाळी आम्ही ते मांडणीवर लावले आणि मालकांनी बटण दाबलं.

ते दोन दिवस मी दुसऱ्या मागणीच्या तारा कापल्या. मागच्या खोलीत एकदाही डोकावले नाही. डोकावून काही बदलत नाही.

शुक्रवारी सकाळी मालकांनी दिवे बंद केले आणि भिंग घेऊन एकेका हीटरसमोर वाकायला सुरुवात केली. मी दारात उभी होते, बाई माझ्या मागे. अंधारात बेचाळीस नारिंगी रेघा दिसत होत्या. खरं सांगायचं तर ते फार छान दिसत होतं. सदतिसाव्यापाशी ते थांबले, पुन्हा वाकले आणि म्हणाले, "इथे टोकाशी जरा उजळ आहे." तिथे चिमटा जास्त आवळला गेला होता. तो त्यांनी काढून बाजूला ठेवला. बाकीचे पाहून झाल्यावर दिवे लावले आणि बाहेर येऊन पॅकिंगवाल्याला ओरडून सांगितलं, "चाळीस! बांधा!"

 माझ्या नोकरीचं काय, ते मी विचारलं नाही. बाराव्या आठवड्याचा शेवट अजून सात दिवसांवर होता आणि हात मिळवायची वेळ तेव्हाच येणार होती. शनिवारी काकूंच्या तळघरात मी चारशे वाती वळल्या.

सोमवारी आले तेव्हा माझ्या बाकावर नव्या मागणीचा कागद ठेवलेला होता. साठ हीटर, लांबी नेहमीपेक्षा जरा जास्त. कारागीर या रकान्यात माझं नाव टाइप केलेलं. माल द्यायची तारीख मी दोनदा वाचली. ती सहा आठवड्यांनंतरची होती.

बाईंनी मान लांब करून कागद वाचला. "साठ," त्या म्हणाल्या. "पुष्कळ काम आहे, टीचर."

"हो ना," मी म्हटलं. "एवढ्या लांबीला ताण कसा धरायचा? दाखवा बरं."

त्यांनी आपली खुर्ची माझ्या बाकाकडे ओढली.